जुन्या गड्याचा भाव

आमच्या वऱ्हाडात शेतीच्या वर्षाचा हिशेब गुढीपाडव्याला मिटतो आणि त्याच दिवशी नवा सुरू होतो. सालगड्याचे साल या दिवशी संपते. शेगावहून वरवट बकालकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी-तुरीची जी वावरे दिसतात, त्यांतली कैक वावरे पिढ्यान्‌पिढ्या सालगड्यांच्या हातांनी पिकली. ट्रॅक्टर आले, तरुण पोरे शहराकडे गेली, सालगडी ठेवणारी घरे कमी झाली. पण जिथे ही रीत उरली आहे, तिथे पाडव्याच्या आधी घासाघीस चालतेच. रोख किती, ज्वारी किती, कपडे किती, उचल किती.

या घासाघिशीत एक गोष्ट हमखास होते. मालकाला आणखी एक गडी हवा असतो आणि गडी तर मिळत नाहीत. नवा गडी चालू भाव मागतो. मालक कुरकुरत का होईना, तो कबूल करतो. मग दहा वर्षे त्याच गोठ्यात राबलेला जुना गडी विचारतो, ‘नव्याले तुम्ही येवढे देता, मंग मले काऊन नाही?’ मालक इकडचे तिकडचे काही सांगतो. खरे उत्तर असे असते की, बाबा रे, तू जाणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझ्या अंगावर मागची उचल आहे, तुझी पोरे इथल्या शाळेत आहेत, तुझे घर याच गावात आहे. हे उत्तर कोणी तोंडाने देत नाही, पण दोघांनाही ते समजलेले असते.

गोठ्यातला हा प्रश्न आज वातानुकूलित कचेऱ्यांतही विचारला जातो. फरक इतकाच की तिथे तो मोठ्याने विचारण्याची सोय नाही. बारा वर्षे नोकरी झालेल्या माणसाला एक दिवस कळते की काल आलेला, ज्याला आपणच काम शिकवले तो सहकारी, आपल्यापेक्षा जास्त पगार घेतो. त्या रात्री जेवण गोड लागत नाही. आकडा दहा-पाच हजारांचा असेल, पण दुखावतो तो माणूस पैशापेक्षा वेगळ्याच कारणाने. आपण ज्याला निष्ठा समजत होतो, तिचा अर्थ समोरच्याने ‘अडकलेला माणूस’ असा लावला, हे त्याला कळलेले असते.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. सरकारी बँकांत पगाराचे गुपित नसते. कर्मचारी संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात १९६६ साली पहिला द्विपक्षीय करार झाला आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी नवा करार होत आला. बारावा ८ मार्च २०२४ रोजी झाला. कोणत्या पदाला काय श्रेणी, वार्षिक वाढ किती, बँकिंगची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास जादा वाढी किती, सारे छापलेले असते. शिपायालाही मॅनेजरचा मूळ पगार सांगता येतो.

तरीही कुरबूर होतेच. एका शाखेत सैन्यातून निवृत्त झालेला एक जवान कारकून म्हणून रुजू झाला. पहिल्याच महिन्यात बातमी फुटली की त्याचा पगार दहा वर्षे काउंटरवर बसलेल्यांपेक्षा जास्त आहे. दोन दिवस त्याच्याशी कोणी धड बोलेना. तिसऱ्या दिवशी हेडकॅशियरने परिपत्रकांची फाईल काढली आणि सर्वांसमोर वाचून दाखवली. माजी सैनिकाचा पगार ठरवताना सैन्यातला त्याचा शेवटचा पगार लक्षात घेतला जातो, असा नियम होता. म्हणजे तो नवा नव्हताच. त्याची पंधरा वर्षे सीमेवर मोजली गेली होती. कुरबूर तिथेच थांबली. पगारातला फरक तसाच राहिला, पण त्याचे कारण सर्वांना वाचता आले. माझ्या मते माणसाला फरक सहन होतो. त्याचे कारण दडवून ठेवले, तर मात्र तो पेटतो.

अर्थात नियम छापलेला असला म्हणजे तो न्याय्य असतोच असे नाही. केंद्र सरकारच्या सहाव्या वेतन आयोगाचे उदाहरण बोलके आहे. १ जानेवारी २००६ नंतर थेट भरती झालेल्यांसाठी प्रत्येक पदाचा किमान आरंभीचा पगार ठरवण्यात आला. ४,६०० रुपयांच्या ग्रेड पेवर थेट लागणाऱ्याला १७,१४० रुपये मिळू लागले. खालच्या पदावर वर्षानुवर्षे काम करून, बढती घेऊन त्याच पदावर पोहोचलेल्या अनेकांचे वेतन मात्र निश्चितीच्या गणितात त्याहून कमी भरले. टेबल एक, काम एक. आणि ज्याने काम शिकवले तो मागे. केंद्रीय कर्मचाऱ्यांत ‘सतरा हजार एकशे चाळीस’ हा आकडा एखाद्या खटल्याच्या नावासारखा प्रसिद्ध झाला. अर्ज गेले, न्यायाधिकरणांत दावे चालले. अखेर २०१८ च्या सप्टेंबरात खर्च विभागाने ज्येष्ठांचे वेतन काही अटींवर त्या पातळीपर्यंत उंचावून देण्याचा आदेश काढला. तोवर अनेक जण निवृत्त झाले होते. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की मागणी कधीही ‘नव्याचा पगार कापा’ अशी नव्हती. ‘आम्हाला त्याच्या बरोबरीला आणा’ एवढीच ती होती.

खासगी नोकरीत तर फाईलच नसते. तिथले गणित साधे आहे. समजा, एक मुलगी दहा वर्षांपूर्वी दरमहा २० हजारांवर लागली आणि तिला दरवर्षी नेमाने ८ टक्के वाढ मिळाली. आज तिचा पगार सुमारे ४३ हजार होईल. दरम्यान त्या कामाचा बाजारभाव ५० हजारांवर गेला, तर आज येणारा ५० हजार घेऊनच येणार. कोणी दुष्टपणा केला नाही, कोणी कट केला नाही. जुन्याचा पगार टक्क्यांनी वाढतो, नव्याचा बाजाराने ठरतो. दोन घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालतात. ही तफावत व्यवस्थापनाला दिसत असते. ती दुरुस्त करण्यापेक्षा झाकणे स्वस्त पडते, म्हणून नेमणूकपत्रात ‘आपला पगार कोणाला सांगू नये’ असे कलम घालतात. मग हुशार मुले दर दोन वर्षांनी नोकरी बदलतात, आणि आपण घरी बसून म्हणतो की हल्लीच्या पिढीत निष्ठा उरली नाही!

गुपित किती महाग पडते हे अमेरिकेतील लिली लेडबेटर या बाईंच्या कहाणीवरून कळते. अलाबामातल्या गुडइयरच्या टायर कारखान्यात १९७९ ते १९९८ अशी जवळजवळ दोन दशके त्यांनी नोकरी केली. अखेरीस कोणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली, तेव्हा कळले की त्याच पदावरचे पुरुष सहकारी त्यांच्यापेक्षा जास्त पगार घेतात. त्या न्यायालयात गेल्या. २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की तक्रारीला उशीर झाला. जे कळूच दिले नाही, त्याची तक्रार वेळेत कशी करायची? पुढे २००९ साली त्यांच्याच नावाने कायदा झाला आणि प्रत्येक कमी पगारागणिक तक्रारीची मुदत नव्याने मोजली जाऊ लागली.

आता दुसरी बाजूही पाहायला हवी. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आहे. पहाटेपासून राबलेल्यांना त्याने ठरलेली मजुरी दिली आणि शेवटच्या तासाला आलेल्यांनाही तेवढीच दिली. पहाटेचे मजूर चिडले. याच गोष्टीवरून रस्किनने आपल्या ‘अनटू धिस लास्ट’ या पुस्तकाला नाव दिले. गांधीजींनी ते १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचले आणि पुढे ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत आणले. मग आजचा कुरकुरणारा जुना कर्मचारी म्हणजे ते पहाटेचे मजूरच नव्हेत काय?

मला तसे वाटत नाही. त्या धन्याने शेवटच्या माणसाच्या पोटाचा विचार केला होता, आणि मजुरी सर्वांदेखत वाटली होती. आमच्याकडे शेवटी आलेल्याला जास्त मिळते ते त्याची भूक मोठी म्हणून नव्हे, त्याला ‘नाही’ म्हणता येते म्हणून. आणि तेही बंद पाकिटात.

या बाबतीत कापूस वेचणाऱ्या बाया मला अधिक शहाण्या वाटतात. वेचणीचा भाव किलोवर असतो. हंगाम सरत येतो, झाडावर बोंडे विरळ होतात, तेव्हा त्याच वजनाला जास्त हिंडावे लागते आणि भाव चढतो. पण तो चढतो तेव्हा ताफ्यातल्या सगळ्यांसाठी चढतो. पहिल्या वेच्यापासून येणारी आणि आज पहिल्यांदा आलेली, दोघींचे गाठोडे एकाच काट्यावर, सगळ्यांसमोर मोजले जाते. जिने जास्त वेचले तिला जास्त पैसे. त्याबद्दल कोणाचा रुसवा नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरात अशी एखादी मुलगी किंवा जावई असेल, ज्याला नुकताच नव्या सहकाऱ्याच्या पगाराचा सुगावा लागला आहे. त्याला ‘जाऊ दे, मोठ्या मनाने घे’ असे सांगू नये आणि त्या नव्या पोराबद्दल विषही कालवू नये. त्या पोराने त्याच्या ताटातले काही घेतलेले नाही. उलट त्या कामाचा आजचा भाव काय, हे त्याच्यामुळेच कळले. तो आकडा घेऊन वरिष्ठांसमोर जावे आणि विचारावे: हा फरक कशाचा आहे? ज्ञानाचा असेल तर मी ते शिकतो. जबाबदारीचा असेल तर मला ती द्या. यांपैकी काहीच नसेल, तर मला त्या भावावर आणा.

उत्तर कदाचित मिळणार नाही. पण ज्या संस्थेला या तीन वाक्यांचे उत्तर देता येत नाही, तिथे आणखी दहा वर्षे द्यायची की नाही, हे ठरवणे मग सोपे जाते.