मोफत यंत्र, वाऱ्यावर मूल

कर्णबधिर मुलांच्या कानात बसवायच्या यंत्राच्या, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटच्या, किती मोफत शस्त्रक्रिया झाल्या, हे सरकार अभिमानाने सांगते. त्यातली किती मुले आज बोलतात, हे सांगण्याची तसदी घेत नाही. या मौनाचा संताप यायला हवा. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ मध्ये एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली. मुंबईची अली यावर जंग संस्था त्यातल्या इम्प्लांटचे काम पाहते. मुलांमधले जन्मजात दोष शोधणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तर फेब्रुवारी २०१३ मध्ये देशातली सुरुवातच पालघरहून झाली. म्हणजे पैसा आहे, योजना आहेत, निष्णात शल्यविशारदही आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या दोन वर्षांना मात्र कोणी वाली नाही, आणि मूल ऐकायला शिकते ते त्याच दोन वर्षांत.

शस्त्रक्रियेने कानात इलेक्ट्रोड बसतो, ऐकणे नव्हे. जखम भरल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर सुरू करतात. जन्मापासून काहीच न ऐकलेल्या मुलाला त्या क्षणी शब्द ऐकू येत नाहीत, अनोळखी आवाज येतो आणि पुष्कळदा ते घाबरून रडते. त्याला किती प्रवाह सोसेल, किती पुरेल, हे मॅपिंगमध्ये ठरते आणि पहिल्या वर्षात मॅपिंग पुन्हा पुन्हा करावे लागते. जोडीला नियमित थेरपी हवी, आणि जागेपणी सतत यंत्र लावून घरात कोणीतरी मुलाशी बोलत राहायला हवे. आवाज ओळखायला शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या साडेतीन वर्षांत सर्वाधिक असते. प्रोसेसरच्या कॉइलची वायर तुटली आणि नवी यायला महिना लागला, तर तो महिना मुलाच्या हातून गेला. मग यंत्र कपाटात जाते, सरकारी कागदावरची शस्त्रक्रिया मात्र यशस्वीच राहते.

हा हिशेब तोरणमाळला लावून पाहा. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातल्या या पठारावरून घाट उतरून शहादा पन्नासेक किलोमीटर, नंदुरबार शहर त्याच्याही पुढे, आणि मॅपिंगची सोय मोठ्या शहरात. प्रत्येक फेरीला आई-बाप दोघांची मजुरी बुडते. दिवाळीनंतर या भागातली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीच्या आसपास परततात. तेवढे महिने थेरपी कोणत्या गावी व्हायची? शिवाय इथल्या घरांत पावरी आणि भिली बोलतात, तर शहरातली थेरपी मराठीत नाही तर हिंदीत. ज्या भाषेत आई मुलाला हाक मारते, ती भाषाच उपचारातून गायब. आईला दिलेला सरावाचा कागद तिला वाचता येत नसेल, तर तो देऊन कोणाचे समाधान झाले?

यावर अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते: पालकच थेरपीला येत नाहीत. हे उत्तर संतापजनक आहे. ज्याची रोजची चूल मजुरीवर पेटते, त्याने आठवड्याला दोन दिवस फुकट घालवावेत ही अपेक्षा करणाऱ्याने आधी स्वतःचा पगार तसा सोडून दाखवावा. याच राज्यात कुपोषित मुलाला उपचारासाठी ठेवले की आदिवासी पालकाला बुडीत मजुरी देण्याची पद्धत आहे. ती इथे का लागू होत नाही? दुसरा आक्षेप, चार-दोन मुलांसाठी डोंगरात तज्ज्ञ कसा ठेवणार? तसा तज्ज्ञ कोणी मागतच नाही. पावरी बोलणारी अंगणवाडी सेविका किंवा आशा नीट प्रशिक्षित करा, मानधन द्या, तिच्यावर देखरेखीला महिन्यातून एकदा तज्ज्ञ पाठवा, तालुक्याला बॅटरी आणि वायरींचा साठा ठेवा. मोबाइलवरून थेरपीची भाषा करणाऱ्यांनी सातपुड्यातल्या पाड्यांवर आधी रेंज पाहावी. खर्चाची सबबही टिकत नाही. पुनर्वसन आर्थिक क्षमतेनुसार करावे, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो. पण यंत्रावर लाखो रुपये घालणाऱ्या सरकारला बसभाडे आणि मानधन परवडत नाही, हे कोण मानेल? केरळच्या श्रुतितरंगम या इम्प्लांट योजनेत तर शस्त्रक्रियेनंतरची थेरपीही धरलेली आहे.

मुळात दुखणे कानापुरते नाही. आपल्याकडे रुग्णालयाची इमारत मोजतात, त्यातला डॉक्टर मोजत नाहीत. शाळा मोजतात, वर्गातला शिक्षक मोजत नाहीत. फीत कापता येते तेवढ्याच कामाला काम म्हणायचे, ही सवय आदिवासी भागाला सर्वांत महाग पडते, कारण तिथे उरलेले काम खासगीत विकत घेण्याची सोय नसते. शहरातले कुटुंब खासगी थेरपिस्ट गाठते. तोरणमाळच्या कुटुंबाकडे सरकारशिवाय कोणीही नाही.

म्हणून शस्त्रक्रियेच्या मंजुरीपत्रातच दोन वर्षांची थेरपी, प्रवास, बुडीत मजुरी आणि सुटे भाग लिहिलेले असावेत, आणि रुग्णालयाच्या देयकाचा काही भाग ही दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत रोखून ठेवावा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांनी दर तीन महिन्यांनी जाहीर करावे: किती मुलांचे प्रोसेसर आज सुरू आहेत, किती बंद आहेत आणि ते कशामुळे बंद पडले. पहिली यादी नंदुरबारची यावी.