चषक भरवा, पण कोचही नेमा

पलूस तालुक्यात कबड्डीची स्पर्धा लागली की गर्दीला आमंत्रण लागत नाही. डिजिटल बोर्ड, नेत्यांचे फोटो, रोख बक्षिसं, सगळं जोरात. पण स्पर्धा संपल्यावर दुसऱ्या दिवशी पोरांना शिकवतं कोण? हे कुणी विचारत नाही, म्हणून लिहितोय.

अनुप कुमार आठवतो ना? यू मुंबाचा कॅप्टन. 2015 ला प्रो कबड्डीचं विजेतेपद, 2016 ला कॅप्टन म्हणून भारताला वर्ल्ड कप. डिसेंबर 2018 मध्ये निवृत्त झाला आणि 2019 ला पुणेरी पलटणचा कोच. नाव एवढं मोठं, तरी त्या वर्षी पलटण प्लेऑफला पोचली नाही. त्याच वर्षी बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिलं बी. सी. रमेश यांनी. तेही भारताचे जुने खेळाडू. पुढं ते पुण्याला आले आणि 1 मार्च 2024 ला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पहिलं विजेतेपद घेतलं.

म्हणजे बघा, चढाई करणं वेगळं आणि चढाई शिकवणं वेगळं. शिकवायला प्रशिक्षण लागतं, वेळ लागतो आणि महिन्याच्या महिन्याला पगारही लागतो.

कोचची किंमत काय असते ते नाशिकच्या शैलजा जैन यांनी दाखवलं. इराणनं त्यांना महिला संघासाठी बोलावलं. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्या संघानं फायनलला भारतालाच 27-24 हरवलं. मागची दोन्ही सुवर्णं आपल्या पोरींची होती. आपलंच ज्ञान, फायदा दुसऱ्याला.

आता आपल्याकडं. काशिलिंग आडके, नितीन मदने ही नावं आपल्याच सांगली जिल्ह्यानं दिली. म्हणजे माती कमी नाही. पण राज्य पातळीपर्यंत खेळलेली कितीतरी पोरं तिशीत खेळ सोडतात आणि मग कारखान्यात, एमआयडीसीत नाहीतर द्राक्षबागेत कामाला लागतात. कामात कमीपणा नाही, पण दहा-पंधरा वर्षांची विद्या त्यांच्याबरोबर घरी बसते.

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या, शंभरावर पट असलेल्या शाळेला शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक द्यावा असं लिहिलंय. आपल्या गावच्या शाळेत तो आहे का, पालकांनी जाऊन विचारा.

"पैसे कुठनं आणायचे?" असं म्हणणारे भेटतील. मंडळांनी एका स्पर्धेचा मंडप, लाइट, साउंड आणि बक्षिसं यांचा हिशोब मांडावा. त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढला, त्यात पालिका, कारखाने, पतसंस्था यांनी भर घातली, तर दोन माजी खेळाडू मानधनावर नेमता येतील. त्यांना पतियाळाच्या एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करायला पाठवा. अट एकच, नेमणूक वशिल्यानं नको. आणि एक जागा महिलेला द्या, म्हणजे पोरींचे आईबाप मैदानावर पाठवायला कचरणार नाहीत.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या बोर्डावर नेत्यांच्या रांगेत एक फोटो गावच्या कोचचा दिसू दे.

नगरसेवक, मंडळाचे अध्यक्ष वाचत असतील तर कळवा, पहिली बैठक कधी घेताय? आणि तुमच्या गावात असा जुना खेळाडू असेल तर त्याला विचारून नाव कमेंटमध्ये टाका. यादी मी स्वतः नेऊन देतो.