आधी दिवा, मग कॅमेरा

‘कोणता कॅमेरा घेऊ रे?’ हा प्रश्न हल्ली ऑफिसच्या कँटीनमध्ये महिन्यातून एकदा तरी कानावर येतोच. विचारणाऱ्याला ना लग्नाचे फोटो काढायचे असतात, ना ताडोब्यातला वाघ. त्याला, आणि बहुतेक वेळा तिला, हवे असतात दोन इंचांच्या झुमक्याचे फोटो. किंवा हाताने रंगवलेल्या पणत्यांचे, सुगंधी मेणबत्त्यांचे, खणाच्या पाऊचचे. निम्म्या पब्लिकचं नोकरी सांभाळून काही ना काही साइडला चालू आहे आणि ते सगळं विकलं जातं फोटोवर. गिऱ्हाईकाला वस्तू हातात घेऊन बघता येत नाही. त्यामुळे फोटो हेच तुमचं दुकान, तोच काउंटर आणि तोच सेल्समन!

तर मंडळी, बोनसमधले चाळीस-पन्नास हजार कॅमेऱ्यासाठी बाजूला काढले असतील, तर जरा दम धरा.

आमच्या टीममधल्या एकीचा पैठणी काठाच्या पर्सेसचा छोटा बिझनेस आहे. माल झकास, शिवण सुबक. पण दिवाळीच्या तोंडावर तीन पर्सेस परत आल्या. तिघींची तक्रार एकच, ‘ताई, फोटोत लाल दिसत होती, आली ती राणी कलरची.’ जाण्या-येण्याचं कुरिअर अर्थात हिच्याच खिशातून. बाईसाहेब तडक नवा कॅमेरा घ्यायला निघाल्या होत्या. पण फोटो काढले होते रात्री साडेदहाला, हॉलमधल्या पिवळट एलईडीखाली, वर किचनची पांढरी ट्यूब चालू ठेवून. लाखाचा कॅमेरा आणला असता तरी त्याने तोच घोटाळा जास्त स्पष्ट दाखवला असता.

खिडकीतला उजेड फुकट आणि फर्स्टक्लास असतो, हे सगळे सांगतात. खरंही आहे. पण तो साडेआठला घरी पोचणाऱ्यांच्या नशिबी नसतो. राहिला रविवार. त्यात पावसाळ्यात ढग दर पाच मिनिटांनी रंग बदलणार, म्हणजे पहिली पर्स एका रंगाची आणि दहावी दुसऱ्याच. म्हणून नोकरदारांसाठी माझं मत ठाम आहे, पहिला खर्च दिव्याचा.

दिवा घेताना वॅट विचारू नका, सीआरआय विचारा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, याचे हे मार्क, १०० पैकी. घरातले साधे एलईडी ८०च्या आसपास असतात. फोटोसाठी ९५ किंवा वर हवा. यात एक गंमत आहे. हे मार्क आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून देतात. गडद लाल रंगाचा पेपर वेगळा असतो, त्याला आर-नाइन म्हणतात आणि तो या सरासरीत धरलेलाच नसतो! म्हणजे सीआरआयमध्ये बरे मार्क मिळवणारा दिवासुद्धा लालमध्ये नापास होऊ शकतो. आणि आपला निम्मा माल कुंकवाचा, डाळिंबाचा, मरून. तेव्हा आर-नाइनचा आकडा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेला असेल असाच दिवा घ्या. शक्यतो ९०च्या पुढचा. रंगाचं तापमान ५६०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखं. आणि फोटो काढताना घरातले बाकीचे सगळे दिवे बंद. आई ओरडेल, ओरडू द्या.

दुसरा फंडा आकाराचा. वस्तूच्या मानाने दिवा जितका मोठा, तितकी सावली मऊ. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब की आकाशात टिकलीएवढा दिसतो, म्हणून दुपारची सावली कडक. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. हेच टेबलावर करायचं. स्टेशनरीच्या दुकानातून मोठा ट्रेसिंग पेपर आणा, जुन्या फोटोफ्रेमच्या चौकटीवर ताणून चिकटवा आणि वस्तूच्या एका बाजूला, फ्रेममध्ये येणार नाही इतपत जवळ, उभा करा. त्यामागे दिवा. समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा जाड कार्डशीट, म्हणजे सावलीची बाजू उजळते. झाला स्टुडिओ! पण थर्माकोल आणि कागद तापणाऱ्या हॅलोजनजवळ नको, एलईडीच हवा.

रिंग लाइट? व्हिडिओ कॉलसाठी ठीक. दागिन्यांसाठी तो माझ्या काळ्या यादीत आहे. ठुशीचा फोटो रिंग लाइटवर काढून बघा, प्रत्येक मण्यात एक इवलासा मेदूवडा दिसेल.

कारण चकचकीत वस्तूचा फोटो हा मुळात वस्तूचा नसतोच, तो तिच्यात दिसणाऱ्या खोलीचा असतो. चांदीचा तोडा, स्टीलचा डबा, काचेची बाटली, सगळे आरसेच. नथीतल्या मोत्यांचं बघा. एक दिवा लावला की प्रत्येक मोत्यात एक ठिपका, दोन लावले की दोन. दोन ठिपक्यांचा मोती लगेच खोटा वाटायला लागतो. त्याच ठिपक्याच्या जागी ट्रेसिंग पेपरचा मोठा पांढरा पडदा दिसला की मोत्याला गोलाई येते, पाणी आल्यासारखं दिसतं. म्हणून नथीला एकच दिवा, तोही मोठा.

चांदीचं उलटं. चारी बाजूंनी पांढरं असलेल्या त्या आयत्या लाइट बॉक्समध्ये चांदी ठेवली की ती दुधात बुडवल्यासारखी सपाट होते. तिला काळं दाखवावं लागतं. काळ्या कार्डशीटच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा आणि फ्रेमच्या जरा बाहेर, दोन्ही बाजूंना उभ्या करा. कडेला बारीक काळी रेघ उमटते आणि घाट एकदम उठून दिसतो. पट्टी अर्धा इंच सरकवली तरी फोटो बदलतो. दहा मिनिटं खेळण्यात गेली तर जाऊ देत, पुढचे पन्नास नग त्याच सेटवर निघतात. अत्तराच्या बाटलीलाही हीच ट्रिक, फक्त तिथे दिवा मागून.

आता कॅमेरा. हातातला मोबाइल पुरेल का? पणत्या, पर्सेस, साबण यांना बिनधास्त पुरेल. इन्स्टाग्रामच्या चौकोनी पोस्टला १०८० बाय १०८० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम सव्वा मेगापिक्सेल! अ‍ॅमेझॉनवर झूम चालायला लांब बाजू किमान हजार पिक्सेलची लागते. बारा मेगापिक्सेलमध्ये हे सगळं आरामात बसतं. फक्त मोबाइल वस्तूच्या नाकाशी नेऊ नका, आकार वेडावाकडा येतो आणि फोनची सावली पडते ती वेगळीच. दोन फूट मागे या, टू-एक्स लेन्स लावा, नंतर क्रॉप करा. पोर्ट्रेट मोड बंद, तो झुमक्याच्या साखळ्या खुशाल खाऊन टाकतो. फोन स्टँडवर, दोन सेकंदांचा टायमर.

मोबाइल कमी पडतो तो नथ, अंगठी, बुगडी यांच्यापाशी. बहुतेक फोनमध्ये लेन्सचं छिद्र लहान-मोठं करता येत नाही. त्यामुळे पुढचा मोती शार्प तर मागची तार धूसर. कॅमेऱ्यात एफ/८ किंवा एफ/११ ठेवता येतं. त्याहून फार पुढे गेलात तर मात्र सगळाच फोटो किंचित मऊ पडायला लागतो. आणि एफ/८लासुद्धा नथ फ्रेमभर घेतली, तर नीट फोकसमध्ये येणारी जाडी दोनेक मिलिमीटरच असते. म्हणून नथ कॅमेऱ्याला समांतर ठेवायची, तिरकी नाही.

यासाठी नवीन महागडी बॉडी कशाला? २०१७ सालचा कॅनन २००डी सेकंडहँड मिळाला तरी काम फत्ते: २४ मेगापिक्सेल, फिरणारा टच स्क्रीन, वाय-फाय. वाचलेले पैसे मॅक्रो लेन्समध्ये घाला. कॅननची ६० मिलिमीटरची मॅक्रो या कॅमेऱ्यावर छान बसते. निकॉनवाल्यांसाठी ४० मिलिमीटरची आहे, आटोपशीर आहे, पण अगदी छोट्या वस्तूला लेन्सचं तोंड तीन-चार सेंटिमीटरवर येतं आणि दिव्याला वाटच राहत नाही. परवडत असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची घ्या, लांबून काम होतं.

सेटिंगचं थोडक्यात. आयएसओ १००. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नाही, त्याच दिव्याखाली ग्रे कार्डवर सेट करून कायम. बॅकग्राउंड पांढरं असेल तर ऑटो एक्स्पोजर ते राखाडी करतं, म्हणून एक ते दीड स्टॉप वाढवा. फोटोत आडवे पट्टे आले तर दिवा लुकलुकतोय समजा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात.

सेकंडहँडसाठी मुंबईकरांनी फोर्टातल्या बोरा बाजारात एक चक्कर मारावी. जाताना खिशात छोटी बॅटरी न्या. लेन्स उघडून एका बाजूने उजेड टाका आणि दुसरीकडून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या दमट हवेत ती हमखास लागते आणि ‘क्लीन करून देतो साहेब’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. आणि घेतलेली लेन्स कपाटात कपड्यांमध्ये नको, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. किचनमधला एखादा मोठा डबा ढापलात तरी चालेल.