मैदान, वसतिगृह आणि सोलापूरच्या मुली

नवी मुंबईत २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि मुलींच्या खेळाविषयी एकाएकी सर्वत्र आस्था दिसू लागली. या कौतुकात एक तपशील मात्र मागे राहिला. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणारी जेमिमा रॉड्रिग्ज वांद्र्याच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकली, आणि क्रिकेटकडे पुरती वळण्यापूर्वी ती महाराष्ट्राच्या कनिष्ठ गटाच्या हॉकी संघातून खेळली होती. वांद्र्याच्या ख्रिस्ती मुलीने हातात हॉकी स्टिक घेणे याचे त्या वस्तीला नवल नाही. याच वांद्र्याची मेरी डिसूझा १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावली होती. सोलापूरसारख्या शहरात मात्र मुलीचे खेळणे आजही घरी आधी परवानगीचा विषय ठरते. हा फरक गुणवत्तेचा नाही. तो कशाचा आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९५४ साली मनिला येथील आशियाई स्पर्धेत भारताच्या महिलांनी चार बाय शंभर मीटर रिले शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. त्या चौघी होत्या ख्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा. केवळ ही नावे वाचली तरी त्या काळी देशातील स्त्रियांचे मैदान कोणत्या समाजाच्या आधारावर उभे होते, हे ध्यानात येते. स्टेफी डिसूझा हॉकीतही चमकल्या आणि १९६३ मध्ये अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे नेतृत्व पुण्याच्या एलिझा नेल्सन यांनी केले.

याचे श्रेय धर्मश्रद्धेला देणे भाबडेपणाचे ठरेल. मिशनच्या व कॉन्व्हेंटच्या शाळांनी मुलींना दिलेली गोष्ट अगदी साधी होती. वर्ग, वसतिगृह आणि मैदान एकाच कुंपणाच्या आत होते. वेळापत्रकात खेळाचा तास होता आणि तो गणिताच्या शिक्षकांना उसना दिला जात नसे. मैदानावर घालायच्या कपड्यांचा प्रश्न संस्थेने सोडवलेला असल्यामुळे तो घरी, दारी, आजीसमोर रोज नव्याने सोडवावा लागत नव्हता. संध्याकाळी खेळून परतणाऱ्या मुलीला रस्ता ओलांडायचा नव्हता, मग शेजाऱ्यांच्या नजरा कुठून येणार? मुलीची शक्ती खेळात खर्च झाली, सबबी शोधण्यात नाही.

अर्थात या कुंपणाकडे समाजाने संशयाने पाहिले, आणि तो संशय सर्वस्वी निराधार होता असेही म्हणता येत नाही. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले आणि पुढील वर्षी पुण्यात आले. तेथील हिंदू मुली प्रार्थनेला बसतात या कारणावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले; रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. त्यानंतर रमाबाईंनी आपले कार्य केडगावला नेले. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे स्थानक सोलापूरहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या वाटेवर आजही येते. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त सोवळ्यापासून, पाण्याच्या शिवाशिवीपासून स्वतःला सोडवून घेण्याची जी कथा सांगितली आहे, ती वाचल्यावर सांस्कृतिक जुळवून घेणे म्हणजे काय असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. ते व्याख्यानाने होत नाही. ते पाण्याच्या घोटाने होते.

स्वातंत्र्यानंतर या संशयाला घटनेने उत्तर दिले. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा हक्क दिला आणि कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमाने विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची सक्ती करण्यास मज्जाव केला. आता सोलापूरची मुलगी ख्रिस्ती महाविद्यालयात जाते तेव्हा तिला धर्मांतराची भीती वाटत नाही. तिची अडचण फार लहान आणि म्हणूनच दुर्लक्षित असते. कडक भाकरी आणि शेंगाचटणीऐवजी सकाळी पाव समोर येतो. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी कानावर घेत वाढलेल्या या मुलीला चार भाषांच्या गल्लीत वावरणे सहज जमते; वर्गातील इंग्रजीसमोर मात्र ती गप्प होते. वर्गात गप्प झालेली मुलगी निवड चाचणीची सूचना विचारायलाही पुढे येत नाही. मैदानावर मात्र भाषेवाचून अडत नाही, आणि म्हणून अशा मुलींना वसतिगृहातील पहिली मैत्रीण बहुधा संघातच मिळते.

खुद्द सोलापुरात काय घडले? अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकातच येथे केंद्र उघडले, मुलींच्या शिक्षणाचे काम केले. पण त्याचा भर शालेय शिक्षणावरच राहिला. अहमदनगरला मात्र, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर महाविद्यालय उभे केले. सोलापूरच्या उच्च शिक्षणाची पायाभरणी वेगळ्या परंपरांनी केली: १९४० मध्ये आर्य समाजी विचाराचे दयानंद महाविद्यालय आणि १९५३ मध्ये संगमेश्वर. या संस्थांचे शहरावर मोठे ऋण आहे. तरीही वर्ग, वसतिगृह आणि मैदान यांची एकत्र मोट मुलींसाठी बांधण्याची मिशनची रीत महाविद्यालयाच्या पातळीवर या शहरात रुजली नाही.

मिशनच्या कुंपणाशिवाय काहीच होत नाही, असे मात्र नव्हे. शेजारच्या धाराशिवने ते सिद्ध केले आहे. तेथील सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचे सुवर्णपदक जिंकले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला महागडे साहित्य लागत नाही; नेमाने येणारा प्रशिक्षक आणि नेमाने येऊ शकणाऱ्या मुली लागतात. यातले दुसरेच अधिक कठीण.

सोलापूर जिल्ह्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. माळशिरस तालुक्यातील मिरे गावची किरण नवगिरे मैदानी खेळांतून क्रिकेटकडे वळली. एप्रिल २०२२ मध्ये तिने ट्वेंटी-२० सामन्यात नाबाद १६२ धावांची विक्रमी खेळी केली. परंतु ती महाराष्ट्रासाठी नव्हती, पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडसाठी होती. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. ऊस आणि ज्वारीच्या मुलखातील मुलीने ख्रिस्तीबहुल डोंगरी राज्याच्या संघात जाऊन जुळवून घेतले, याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण एवढे अंतर तिलाच का कापावे लागावे, असा प्रश्न कोणत्याही सत्कार समारंभात विचारला जात नाही. जुळवून घेण्याचे सारे ओझे मुलीवर आणि श्रेय मात्र जिल्ह्याचे, ही वाटणी सोयीची खरी.

वास्तविक सोलापूरला एक मोठी संधी २००४ मध्येच मिळाली. शिवाजी विद्यापीठापासून वेगळे होऊन एकाच जिल्ह्याचे विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करते. आंतरविद्यापीठ स्पर्धेत प्रत्येक विद्यापीठाचा स्वतंत्र संघ असतो. म्हणजे ज्या जागांसाठी पूर्वी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मुलींशी झुंजावे लागे, त्या जागा आता याच जिल्ह्यातील मुलींसाठी आहेत. राज्यात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रम उपक्रमांना, त्यात खेळालाही, श्रेयांक मिळाले आहेत. २०२४ मध्येच सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. कागदावर हे सारे उत्तम आहे. मात्र शुल्कमाफीत वसतिगृहातील जेवणाचे ताट येत नाही, आणि श्रेयांकाची नोंद झाली म्हणून सरावानंतर उशिरा येणाऱ्या मुलीसाठी फाटक उघडे राहते असे नाही.

माळशिरस, मंगळवेढा, अक्कलकोटच्या गावांतून येणाऱ्या मुलीचे गणित तर एसटीच्या वेळापत्रकावर बसते. सायंकाळचा सराव संपेपर्यंत तिच्या गावची गाडी निघून गेलेली असते. अहिल्याबाई होळकरांच्याच नावाच्या योजनेतून ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, आणि तो बारावीपर्यंतच मिळतो. अहिल्यादेवींच्या नावाच्या विद्यापीठात मुलीने पाऊल टाकले की ती सोय संपते. पुढे सवलतीचा पास असतो, पण सरावाला थांबून शेवटची गाडी चुकली तर तो खिशात असून उपयोग नाही.