एप्रिलमधला प्रश्न

अमेरिकेत प्रायमरीचा, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवार निवडीचा, हंगाम सुरू झाला की आपल्याकडच्या अनेकांना एक गोष्ट हमखास खटकते. एकाच पक्षाची माणसं कॅमेऱ्यांसमोर उभी राहून एकमेकांची सालटी काढतात. आपल्याकडे असं कुणी केलं की दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस निघते. तिकडे त्या माणसाला पुढे परराष्ट्रमंत्री करतात.

ही थट्टा नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये मार्को रुबियो ट्रम्प यांना भामटा म्हणत होते, त्यांच्या हातांच्या आकारावरून पाचकळ विनोदही करत होते. ट्रम्प त्यांना ‘छोटा मार्को’ म्हणून हिणवत होते. जानेवारी २०२५मध्ये तेच रुबियो ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री झाले. टेड क्रूझ यांच्या वडिलांचा संबंध ट्रम्प यांनी थेट केनेडींच्या मारेकऱ्याशी जोडला होता. क्रूझ यांनी चिडून ट्रम्पना खोटं बोलण्याचा आजार आहे असं सांगून टाकलं. ही मे २०१६ची गोष्ट. सप्टेंबरात क्रूझ यांचा ट्रम्पना पाठिंबा! त्याच्याही आधी, १९८० साली, थोरल्या बुशनी रेगन यांच्या आर्थिक धोरणाला ‘वूडू’ म्हटलं होतं. आपल्या भाषेत भानामती. वर्ष संपायच्या आत बुश रेगन यांच्याच जोडीने उपाध्यक्ष म्हणून निवडून आले. (पुढे १९८२मध्ये, मी असं बोललोच नव्हतो, असेल तर दाखवा, असं आव्हान त्यांनी दिलं आणि एनबीसीने जुनी फीत शोधून दाखवली. टीव्ही आल्यानंतरच्या काळात पुढाऱ्यांनी असली आव्हानं देऊ नयेत.)

एका पक्षातल्या उमेदवारांची धोरणं बहुधा सारखीच असतात. मग वेगळं दिसायचं कसं? समोरच्याची उंची, घाम, स्वभाव, वय काढायचं. अशा शिव्यांना अर्थ नसतो म्हणूनच त्या गिळता येतात. पक्षांचं नुकसान त्यांनी होतं असं मला वाटत नाही. नुकसान होतं ते सभ्य आवाजात विचारलेल्या, कागदपत्रांचा आधार असलेल्या प्रश्नाने. आणि तोच प्रश्न पक्षाला सगळ्यात जास्त हवा असायला हवा.

एप्रिल १९८८. न्यूयॉर्कच्या प्रायमरीला आठवडा उरला होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या वादसभेत तरुण सिनेटर अल गोर यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांना विचारलं, तुमच्या राज्यात शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना सुट्टीवर सोडतात, ते कसं काय? अशा सुट्टीवर बाहेर पडलेला जन्मठेपेचा एक कैदी १९८६ साली परतलाच नव्हता. पुढच्या वर्षी मेरीलँडमध्ये एका घरात शिरून त्याने एका जोडप्यावर अत्याचार केले होते. गोर यांनी त्याचं नाव घेतलं नाही. आवाजही चढवला नाही. तुरुंगव्यवस्था चालवायची जबाबदारी माझ्यावर आहे, तुमच्यावर ती कधी नव्हती, अशा अर्थाचं उत्तर देऊन डुकाकिस यांनी वेळ मारून नेली. गोर यांचा त्या प्रायमरीत धुव्वा उडाला, त्यांनी माघार घेतली, विषय संपला.

डुकाकिस यांच्यापुरता संपला. रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्षपदासाठी उभे असलेल्या थोरल्या बुश यांच्या प्रचारकार्यालयात जिम पिंकर्टन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचं काम विरोधकांची जुनी कागदपत्रं चाळायचं. वादसभेचा वृत्तांत वाचताना त्यांना तो प्रश्न सापडला. जुलैमधल्या अधिवेशनानंतर डुकाकिस गॅलपच्या चाचणीत १७ टक्क्यांनी पुढे होते. मग तुरुंगाच्या फिरत्या दारातून कैदी आत जाऊन तसेच बाहेर येताहेत, अशी जाहिरात झळकली. एका बाहेरच्या गटाने तर त्या कैद्याचा फोटोच दाखवला. कैदी कृष्णवर्णीय, बळी पडलेलं जोडपं गोरं. उरलेलं काम त्या फोटोने केलं. नोव्हेंबरात बुश यांनी ४० राज्यं जिंकली.

पराभवाची एवढी एकच कारणमीमांसा नाही, हे मान्य. पण गोर यांनी शत्रूच्या हाती कोलीत दिलं, असं जे तेव्हापासून सांगितलं जातं, ते मला पटत नाही. सुट्टीची ती योजना १९७२ साली सुरू झाली तेव्हा गव्हर्नर होते रिपब्लिकन पक्षाचे फ्रान्सिस सार्जंट. म्हणजे उत्तर तयार होतं, फक्त ते वेळेवर आणि ठणकावून द्यायचं होतं. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने हातात होते. परीक्षेचा पेपर घरच्याच माणसाने आधी दाखवला, आणि यांनी तो बाजूला ठेवून दिला. दोष पेपर दाखवणाऱ्याचा कसा?

२०१२मध्ये रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांचंही असंच झालं. कंपन्या विकत घेऊन कामगारांना घरी बसवणारे गिधाडी भांडवलदार, हा आरोप जानेवारीत त्यांच्याच पक्षाच्या रिक पेरींनी केला. मे महिन्यात ओबामांच्या जाहिराती त्याच धाग्यावर आल्या.

स्वपक्षीयाबद्दल वाईट बोलू नये, अशी ‘अकरावी आज्ञा’ रिपब्लिकन पक्षात प्रसिद्ध आहे. ती रेगन यांच्या नावावर चालते, पण काढली १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या पक्षाचे अध्यक्ष गेलॉर्ड पार्किन्सन यांनी. त्या वर्षी रेगन पहिल्यांदाच निवडणुकीला उभे होते, सिनेनट म्हणून त्यांची थट्टा होणं सहज शक्य होतं. आज्ञा त्यांना सोयीची होती. दहा वर्षांनी समोर विद्यमान अध्यक्ष फोर्ड आले, तेव्हा पनामा कालव्यावरून रेगन यांनी त्यांना यथेच्छ झोडपलं. शिस्तीची भाषा कोण बोलतो हे नेहमी बघावं. तो बहुधा पुढे असतो.

आपल्याकडे तर या शिस्तीला धर्माचं स्थान. पक्षनिरीक्षक विश्रामगृहावर येतात, एकेकाला आत बोलावतात, जे काय बोलायचं ते तिथे कानात. मग यादी दिल्लीला. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म, आणि दुपारी बंडखोराचा अपक्ष अर्ज. उमेदवाराबद्दलची खरी माहिती मतदाराला त्यानंतर कळते, म्हणजे पक्षाला काही बदलता येण्याची वेळ टळून गेल्यावर.

एकदा वेगळा प्रयत्न झाला होता. २०१४च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी मोजक्या मतदारसंघांत काँग्रेसची प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मतदार म्हणजे सामान्य माणसं नव्हेत, पक्षातलेच पदाधिकारी आणि प्रतिनिधी. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर आणि काँग्रेसच्या जुन्या नेत्या प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस समोरासमोर आले, आणि सागर मेघे जिंकले. घराणी बदलली नाहीत, फक्त चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. मेमध्ये भाजपचे रामदास तडस निवडून आले. काही महिन्यांतच दत्ता मेघे मुलांसह भाजपमध्ये दाखल झाले.

वर्ध्याच्या मंचावर कुणी गोर उभा असता, तर त्याला एवढंच विचारायचं होतं: हरलात तर पक्षात राहाल का?