विहीर आमची, गाडगे गुन्हेगार!

गेल्या दिवाळीत आमचा पुतण्या इंग्लंडहून घरी आला आणि ऐन फराळाच्या वेळी त्याने फटाका फोडला. "काका, मळ्यातल्या विहिरीच्या पाण्याची बिअर करून बघू का?" त्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, यांच्या हातातली चकली हातातच राहिली. वहिनी उठून देवघरात गेल्या.

मी स्वतः थेंबाला शिवत नाही. पण पडलो मास्तर! पोराचा प्रश्न टाळवत नाही. विचारले, "विहिरीचेच पाणी कशाला रे?"

तो राहतो ट्रेंट नदीकाठच्या बर्टन गावी. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम उतरते. आपण शेतात टाकतो, तेच. त्या पाण्यावर १९ व्या शतकात त्या गावची बिअर जगभर नावाजली. पिल्सेनचे पाणी मऊ, म्हणून तिथली बिअर फिकी, सोनेरी. "आपले पाणी काळ्या कातळातले, जड. डब्लिनसारखी भाजलेल्या जवाची काळी बिअर त्याला मानवेल." तीन पिढ्या ज्या पाण्यात आमची डाळ धड शिजली नाही, त्याची एवढी तारीफ मी प्रथमच ऐकली!

मग मी कायदा काढून बसलो. १९४९ चा दारूबंदी कायदा सांगतो, अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव ही दारू, आणि परवान्यावाचून ती करणे गुन्हा. म्हणजे घरचे गाडगे आणि नाल्याकाठची हातभट्टी एकाच दावणीला! इंग्लंडात १९६३ पासून घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही, आणि भट्टी लावून गाळायचे तर नावच नको. एवढी साधी रेघ आम्हाला ओढता येऊ नये? २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली, ती मिथेनॉलच्या विषाने. घरी आंबवलेल्या जवाने नव्हे.

गावोगाव बाटली आडवी करणाऱ्या बायाबापड्यांपुढे मी हात जोडतो. पण त्यांची लढाई कोणाशी? घरधन्याची मजुरी गिळणाऱ्या दुकानाशी. त्या दुकानाला परवाना कोण देते? सरकारच! २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या बिअर कारखान्यांचे पाणी कापण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. धरणाचे पाणी बाटलीत गेले तर तो उद्योग. माझ्या विहिरीची घागर मडक्यात गेली तर तो अपराध. कारण उघड आहे. पहिल्यात महसूल आहे, दुसऱ्यात नाही.

कोणी म्हणेल, "मास्तर, घरात पिऊन नवरा बायकोला मारील, त्याचे काय?" बाबांनो, त्याला आजही दुकान उघडेच आहे. मारहाणीसाठी त्याला जरूर तुरुंगात घाला. मी मागतो ते एवढेच: घरापुरते, बेताचे, फक्त आंबवलेले. विक्री नाही, गाळणे नाही, पोराटोरांना थेंब नाही.

पुतण्याने इथे काही केले नाही. कायदा मोडायचा नाही, हे मीच बजावले. जाताना त्याने विहिरीचे बाटलीभर पाणी तपासायला नेले. परमुलखातल्या भाड्याच्या घरात जे त्याला राजरोस करता येते, ते बापाच्या मळ्यात करता येत नाही. याची लाज त्याने बाळगायची, की आपण?