मोटारींतील सरळ पंगत

मर्सिडीझ श्रेष्ठ कीं बीएमडब्ल्यू, हा वाद हल्लीं आमच्या वाचकांच्याही घरांत रंगतो. कारण एखादा कर्ता मुलगा तसली मोटार घेण्याच्या बेतांत असतो, आणि किंमत तर लहानशा घराइतकी. अशा वेळीं बोधचिन्हाकडे पाहून निवाडा करूं नये. इंजिनावरील झांकण उघडावें, असें आम्हांस वाटतें.

म्युनिकच्या बीएमडब्ल्यूनें १९३३ मध्यें आपल्या मोटारींत सहा सिलिंडर एका सरळ ओळींत बसविले. पुढें तीच तिची ख्याति झाली. या पंगतींत पहिला व सहावा, दुसरा व पांचवा, तिसरा व चौथा असे दट्टे जोडीनें वरखालीं होतात. एका बाजूचा हिसका दुसऱ्या बाजूनें फिटतो, त्यामुळें कंप जवळजवळ उरतच नाहीं. उणें एवढेंच, कीं इंजिन लांबतें.

ती लांबी टाळण्यास स्टुटगार्टच्या मर्सिडीझनें १९९७ त सरळ ओळ सोडून तीन-तीन सिलिंडरांच्या दोन ओळी व्ही आकारांत जुळविल्या. मग उपजलेला कंप मारण्यासाठीं उलट फिरणारा एक समतोल-दांडाही घालावा लागला. आपणच रोग आणून औषध शोधावें, तसलाच हा प्रकार! २०१७ त मात्र ती सरळ ओळीकडे परतली. पाण्याचा पंप इत्यादि उपकरणें विजेवर चालूं लागल्यानें पुढचा पट्टा गेला आणि इंजिन आखूड झालें.

आणि रोल्स-रॉइस? १९९८ च्या सिल्व्हर सेराफमधील बारा सिलिंडरांचें इंजिन बीएमडब्ल्यूचेंच होतें: सहा-सहांच्या दोन सरळ पंगती.